बसायची जमीन

लाकूड जमिनीपासून दूर ठेवायचं, हा आपल्या जुन्या घरांचा पहिला नियम. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात कधी गेलात तर खांबांच्या पायाशी बघा. लाकडी खांब थेट मातीत उतरत नाही. त्याच्याखाली दगडाचा तळखडा असतो. जमिनीतली ओल दगडाशी अडते आणि वाळवीला वर चढायचं तर दगडावरून उघड्यावर यावं लागतं. लाकडाची जागा वर: तुळया, कडीपाट, माडीची तक्तपोशी. खाली पायाला लागायची ती माती. मुरूम पसरून, पाणी मारून, चोपून घट्ट केलेली आणि वरचेवर सारवलेली. त्यामुळे पेनसिल्व्हेनियातल्या घराच्या तळघरात, अंगणापेक्षा सात फूट खाली, मी लाकडाची जमीन घालणार आहे हे ऐकल्यावर आई फोनवर लगेच म्हणाली, "अगं, तिथे कुठे फळ्या घालतेस? ओल धरेल, वाळवी लागेल." तिचं दोन्ही खरं होतं. वाळवी इथेही आहे, आणि ओलीशी तर या कामात पहिल्या दिवसापासून गाठ असते.

तरी मला लाकडाचीच जमीन हवी होती, कारण मला खाली बसून काम करायचं होतं.

वाईला आमच्या आळीत एक सुतारकाका होते. त्यांच्या पडवीत टेबल नव्हतं, शिकंजा नव्हता. ते जमिनीवर बसत. डावा पाय मुडपलेला, उजवा पुढे, आणि त्या पुढच्या पायाची टाच फळीवर. फळीला खाच पाडायची असली की उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये ते फळीची कड धरत. वर्षानुवर्षं धरून धरून त्या दोन बोटांत चांगली फट पडली होती. पटाशी चालवताना पाय आपोआप सरकायचा, पात्याच्या वाटेत कधीच नसायचा. फळी उलटायची तर हात पटाशीवरून काढायचीसुद्धा गरज नसे. टाच उचलली, बोटांनी फळी फिरवली, टाच परत ठेवली. मोठा रंधा मारायचा असला की त्यांचा मुलगा समोर बसून ओढायला मदत करी. डोळा कामापासून हातभर अंतरावर, आणि जोर खांद्यातून न येता कमरेतून. मी पायरीवर बसून तासन्तास बघत असे. माझ्या हातात कोणी पटाशी दिली नाही, मीही मागितली नाही, पण ती बैठक माझ्या अंगात उतरली.

अमेरिकेत सुतारकामाच्या वर्गात गेले तेव्हा सगळं कंबरेच्या उंचीवर सुरू झालं. जड बाक, त्याला लोखंडी शिकंजा आणि उभं राहून काम. ती पद्धत चांगली आहे. लांब फळीच्या कडा सरळ करायला अजूनही मला बाकच लागतो. पण बारीक काम, कुसू बसवणं, कोपऱ्यातली खाच साफ करणं, हे उभ्याने करताना मी कामावर वाकून पाहुण्यासारखी करते असं मला वाटतं. खाली बसले की काम माझं होतं. जपानी सुतारही जमिनीवर बसून काम करतात आणि रंधा स्वतःकडे ओढतात, हे इथेच कळलं. माझ्या घरापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर न्यू होप नावाचं गाव आहे. तिथे लाकडी फर्निचर घडवणाऱ्या जॉर्ज नाकाशिमा यांची कार्यशाळा आहे. वास्तुविशारद म्हणून ते १९३०च्या दशकात पाँडिचेरीला आले, अरविंदाश्रमाच्या गोलकोंडा या वसतिगृहाचं बांधकाम त्यांनी पाहिलं आणि काही काळ आश्रमातच राहिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाचे म्हणून अमेरिकेने त्यांना आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत कोंडलं. तिथे त्यांच्यासारख्याच कोंडलेल्या एका सुताराकडून ते जपानी हत्यारं वापरायला शिकले. पाँडिचेरी, छावणी आणि मग पेनसिल्व्हेनियाचं जंगल, असा त्या माणसाच्या हाताचा प्रवास. न्यू होपला गेलं की मला परकं वाटत नाही.

तळघरातलं काँक्रीट बसण्याजोगं नसतं. इथली जमीन खोलवर वर्षभर बारा-तेरा अंश सेल्सिअसला राहते आणि काँक्रीट तो गारवा थेट अंगात सोडतं. सतरंजी टाकली तरी अर्ध्या तासात मांड्या आखडतात. दुसरं म्हणजे हत्यारं. हातातून निसटलेली पटाशी काँक्रीटवर पडली की धारेचा तुकडा उडतो आणि ती परत लावायला सकाळ जाते. लाकडावर पडली तर लाकडाला खोक पडते, धार वाचते. लाकूड आपल्यावर घेतं. रबराच्या चटया मिळतात, गालिचे मिळतात, पण गालिच्यात भुसा रुततो आणि रबरात खिळा ठोकता येत नाही. मला अशी जमीन हवी होती जिच्यावर बसता येईल आणि वेळ पडली तर जिच्यात काही ठोकताही येईल.

इथे घराला तळघर असण्याचं कारण थंडी आहे. हिवाळ्यात जमीन वरून गोठत जाते. मातीतल्या पाण्याचा बर्फ होतो, माती फुगते, आणि पाया उथळ असला तर घरालाच उचलते. म्हणून पाया जिथवर जमीन गोठते त्याच्याखाली न्यावा लागतो. आमच्या भागात ही खोली सुमारे तीन फूट. तेवढं खणायचंच आहे तर आणखी थोडं खणून खोलीच करून घेऊ, असा हिशेब. जमिनीखाली कोरडं ठेवायची विद्या आपल्याकडे नव्हती असं मात्र नाही. वाईची कृष्णा पुढे सांगलीजवळ हरिपूरला वारणेला मिळते. त्या हरिपुरात हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेल्या या पोकळ्यांत हळदीची पोती वर्षानुवर्षं राहत, आणि तोंड मातीने बंद केलं की आत कीडसुद्धा जगत नसे. तिथल्या मातीचाच तो गुण. २००५च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरलं आणि फार मोठं नुकसान झालं. मातीने शतकभर पाळलेला शब्द नदीने मोडला. तळघरात काही करायला घेतलं की मला हरिपूर आठवतं, आणि मी फळ्यांच्या आधी पाण्याचा विचार करते.

ओल दोन वाटांनी येते. एक खालून. काँक्रीट दिसायला दगड असलं तरी ते सच्छिद्र असतं, आणि खालच्या मातीतली वाफ त्यातून संथपणे वर येत राहते. दुसरी वरून, हवेतून. जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा आपल्या पावसाळ्याइतकी दमट होते. ती दारातून खाली उतरते, गार काँक्रीटला टेकते आणि तिच्यातलं पाणी तिथे सुटतं. लोकांना वाटतं जमिनीला पाझर फुटला. खरं तर ते आभाळातलं पाणी असतं. दोन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून आधी शत्रू कोणता ते ओळखावं लागतं. त्याची एक साधी रीत आहे. अठरा इंच चौरस प्लॅस्टिकचा तुकडा काँक्रीटवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करायचा आणि निदान सोळा तास तसाच ठेवायचा. प्लॅस्टिकच्या वरच्या अंगाला पाणी जमलं तर ते हवेतलं, खालच्या अंगाला जमलं तर जमिनीतलं.

मी ठिकठिकाणी असे तुकडे लावले. सगळे कोरडे निघाले. फक्त उत्तरेच्या भिंतीजवळचा खालून धुरकटला होता, आणि काँक्रीट त्याच्या आकाराएवढं काळवंडलं होतं. बाहेर जाऊन पाहिलं तर बरोबर त्याच कोपऱ्यावर पन्हळीचा पाइप उतरत होता आणि छपराचं सगळं पाणी भिंतीच्या मुळाशी ओतत होता. पाइप दहा फूट लांबवला. भिंतीलगत माती भरून तिला बाहेरच्या अंगाला उतार दिला. दोन-चार चांगले पाऊस होऊ दिले आणि मग तुकडा परत लावला. या वेळी तो कोरडा निघाला. जमिनीचं निम्मं काम असं बाहेर, फावडं घेऊन, पावसात उभं राहून झालं.

काँक्रीट झाकण्याआधी आणखी एक तपासणी करायची होती, आणि ती या भागात कोणीही टाळू नये. इथल्या खडकात युरेनियमचा अंश आहे, त्यापासून रेडॉन नावाचा वायू तयार होतो आणि तो जमिनीतल्या फटींतून तळघरात शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते एक मोठं कारण आहे. घरांतल्या रेडॉनचा हा धोका अमेरिकेच्या नजरेत भरला तोच मुळी आमच्या शेजारच्या मुलखात. १९८४च्या डिसेंबरमध्ये लिमरिक इथल्या अणुवीज केंद्रातला एक अभियंता किरणोत्सर्गाच्या तपासणी यंत्रातून गेला की घंटा वाजू लागे. केंद्रात तर अजून वीजनिर्मिती सुरू झालेली नव्हती. शोध घेता घेता कळलं की किरणोत्सर्ग तो घरून आणत होता, आणि त्याच्या घराखालून रेडॉन येत होता. माझ्या तळघरातला आकडा इथल्या पर्यावरण खात्याच्या दर लिटर हवेमागे ४ पिकोक्युरीच्या मर्यादेखाली आला. तरी भेगा भरून घेतल्या. मी ज्या जमिनीवर नाक टेकवून काम करणार, तिच्याबाबतीत "चालेल" हा शब्द मला पुरेसा नव्हता.

मग थर. काँक्रीटवर जाड प्लॅस्टिकचा कागद, त्यावर एक इंच जाडीचा घट्ट फोम, त्यावर अर्ध्या इंचाच्या प्लायवूडचे दोन थर. वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत आणि दोन्ही थर स्क्रूने एकमेकांनाच जखडायचे. काँक्रीटला एकही भोक पाडायचं नाही, कारण पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे ओलीला उघडलेलं दार. हा सगळा मिळून माझा तळखडा.

वरच्या लाकडासाठी पांढरा ओक निवडला. या ओकच्या नसा आतून बुजलेल्या असतात, त्यामुळे पाणी त्यातून सहज जात नाही, आणि म्हणूनच त्याची पिंपं होतात, पूर्वी जहाजं होत. पण तो हलतो फार. लाकूड झाडापासून तुटलं तरी हवेशी त्याची देवघेव थांबत नाही. हवा दमट झाली की ते फुगतं, कोरडी झाली की आकसतं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, पडतो तो रुंदीत. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला १९१०पासून लाकडाची सरकारी प्रयोगशाळा आहे. तिचे आकडे सांगतात की ओला पांढरा ओक पूर्ण वाळला तर वाढीच्या वलयांच्या दिशेने साडेदहा टक्के आकसतो, तर साग ५.८ टक्के. सुतारकाका दाराच्या चौकटीला सागाशिवाय काही लावू देत नसत, आंब्याच्या फळीला तर दाराजवळही फिरकू देत नसत. त्याचं कारण सागाच्या या आकड्यात आहे. त्यांना आकडे माहीत नव्हते, पण आषाढात कोणाचं दार अडकतं ते माहीत होतं.

अखंड ओकच्या फळ्यांची दहा फूट रुंद जमीन घातली, आणि हिवाळा ते उन्हाळा लाकडातली ओल चार टक्क्यांनी वाढली, तर ती जमीन मोकळेपणी जवळजवळ पावणेदोन इंच फुगू पाहील. तिला जागा मिळाली नाही तर मधूनच वर उचलेल. म्हणून तळघरात अखंड फळी घालू नये असंच जाणकार सांगतात. मी थरांची फळी घेतली. वर चार मिलिमीटर खरा ओक, खाली एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले पातळ थर. उभा थर आडव्याला धरून ठेवतो आणि आडवा उभ्याला. अस्सल लाकडाचे चाहते या फळीकडे बघून नाक मुरडतात. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. लाकडाचा स्वभाव ओळखून, त्याला त्याच्याच दुसऱ्या दिशेने आवरायचं, यात लाकडाचा अपमान कुठे होतो? मात्र फळी बिनपॉलिशची आणली. कारखान्यातून चकचकीत होऊन आलेली जमीन मला नको होती, वरचा हात माझाच फिरायला हवा होता.

फळ्या तळघरात आणून, हवा कोरडी ठेवणारं यंत्र लावून, एकमेकींत पट्ट्या घालून रचून ठेवल्या. ओलमापक त्यांच्यात आणि प्लायवूडमध्ये जवळजवळ सारखाच आकडा दाखवू लागला तेव्हा काम सुरू केलं. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, आयुष्यभर त्यांनी घरांच्या जमिनी घातल्या. पहिली ओळ त्यांनी माझ्याबरोबर बसून लावली. भिंत सरळ आहे असं कधी धरू नकोस, दोरी मारून घे, एवढंच त्यांनी सांगितलं आणि ते खरं आहे. भिंतीपासून अर्धा इंच सोडून दोरी मारली. फळीच्या जिभेतून तिरकी पिन मारायची, पुढच्या फळीची खाच त्यावर बसवायची, लाकडी ठोकळा लावून हातोडीने ठोकायची. पिन झाकली जाते. पुढची, तिच्या पुढची. यात सांगण्यासारखं फार नाही, करताना मात्र मला फार बरं वाटलं. गुडघ्यांवर होते, काम जमिनीवरच होतं, आणि प्रत्येक ओळीनंतर बसायला आणखी जागा होत होती.

घासाई साठ नंबरच्या पॉलिश पेपरने सुरू करून शंभरवर थांबवली. त्यापुढे गेलं तर लाकूड इतकं गुळगुळीत होतं की तेल प्यायचं थांबतं. वर काय लावायचं याचा विचार मी खूप केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या कित्येक घरांतल्या लाकडी जमिनींना लाखेचं पॉलिश असे, आणि ती लाख जात असे आपल्याकडून, पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांनी केलेली. ती लावायचा मोह झाला, पण लाखेवर पाणी सांडलं की पांढरा डाग उमटतो. कार्यशाळेत धारेच्या दगडाचं पाणी सांडणारच. पॉलियुरेथेन टणक असतं, पण ते लाकडावर काचेसारखं बसतं. ओरखडा पडला तर तेवढ्यापुरता बुजवता येत नाही, सगळी खोली घासून परत करावी लागते. मी जवसाच्या तेलाचं आणि मेणाचं मिश्रण घेतलं. जिथे झिजेल तिथे तेवढाच हात फिरवायचा. सारवलेल्या जमिनीत वाढलेल्या माणसाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही.

तेल कापडावर घेऊन पहिल्या फळीवर ओढलं आणि ओक जागा झाला. घासल्यावर तो पिठासारखा फिकट दिसत होता, तिथे मधासारखा रंग चढला. काही फळ्या बुंध्याच्या मध्यातून चिरलेल्या होत्या, त्यांच्यावर आडवे, तुटक, चमकते पट्टे उमटले. ओकच्या आतून बाहेर जाणाऱ्या या किरणांना तेलाने वेगळं काढलं. एका अंगाने बघितलं तर ते उजळ दिसत, दुसऱ्या अंगाने गडद. थोड्या वेळाने कोरडं फडकं घेऊन वरचं तेल पुसून घ्यायचं, अगदी हाताला लागणार नाही इतकं. जे लाकडाने घेतलं नाही ते वर ठेवलं तर चिकट राहतं.

त्या फडक्यांबद्दल थांबून सांगायला हवं. जवसाचं तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. जमिनीवर पातळ पसरलेलं असताना ती उष्णता विरून जाते. चुरगळलेल्या बोळ्यात ती आतच साठते, वाढते, आणि कापड आपोआप पेट घेतं. फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत २३ फेब्रुवारी १९९१ला आग लागली ती अशीच. बाविसाव्या मजल्यावर भिंतींच्या लाकडी फळ्यांना तेल देणाऱ्यांनी जवसाच्या तेलाची फडकी तिथेच टाकली होती. आग मजल्यामागून मजले घेत गेली, तीन अग्निशमन जवान गेले, आणि तिसाव्या मजल्यावर स्वयंचलित फवारे होते म्हणून ती तिथे थांबली. बॅटला तेल लावणाऱ्या पोरांपासून दारं रंगवणाऱ्या रंगाऱ्यांपर्यंत आपल्याकडे हे तेल सगळे वापरतात, आणि फडकं कोपऱ्यात भिरकावतात. मी प्रत्येक फडकं बाहेर कुंपणावर एकेकटं, उलगडून वाळत घातलं. ते कडक झालं की मगच कचऱ्यात.

तेल मुरायला आठवडाभराहून जास्त दिवस दिले. मग त्या जमिनीत मी दोन भोकं पाडली. शेजारच्या गृहस्थांना ते बघवेना. नुकत्या तयार झालेल्या जमिनीत कोणी गिरमिट चालवतं का, असं त्यांचं म्हणणं. पण ही दिवाणखान्याची जमीन नाही. मला बसून रंधा मारायचा आहे आणि फळी पुढे सरकू नये म्हणून तिला अडवायला खुंटी हवी. दोन हव्यात, म्हणजे फळी फिरणार नाही. उत्तरेच्या खिडकीखाली जागा निवडली, तिथे उजेड डावीकडून येतो. एक इंची भोकं, ओक आणि प्लायवूड मिळून दीड इंच खोल, फोमच्या वर थांबवलेली. भोकांच्या आतल्या कडांनाही तेल दिलं. खुंट्या हार्ड मेपलच्या केल्या, सैल न बसता हाताने दाबून बसतील आणि ओढून निघतील अशा. शेजारी मग स्वतःच खाली वाकून त्या बसवून बघू लागले.

पहिलं काम आईच्या पाटाचं. ती उन्हाळ्यात येणार आहे आणि देवपूजेला इथे बसायला तिला नीट पाट नाही. त्यासाठी चेरी आणली, पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या डोंगरातली. चौदा इंच रुंद, अठरा लांब, सव्वा इंच जाड, खाली दोन आडव्या पट्ट्या. एवढी रुंद फळी एकसंध मिळाली नाही, म्हणून दोन जोडते आहे. सांध्याच्या कडा खुंट्यांना टेकवून, टाचेखाली धरून, रंध्याने सरळ करते. एका कडेला अजून केसभर उजेड दिसतो.